फणसाच्या पानातली तारली

सन एकोणीसशे एकोणतीस. माझं वय तेव्हा चोवीस. शाळा मी मराठी दुसरीतच सोडली. मास्तरांनी छडी उगारली, मी खिडकीतून उडी टाकली, तो परत काही गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात चुका होतील. पण दोरी फेकण्याबद्दल जे लिहीन त्यात चूक सापडायची नाही. त्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, आज डोळ्यांना नीट दिसत नाही तरी नाही.

हल्लीची मुलं चाक लावलेली काठी घेऊन जेटीवर उभी राहतात. आमच्या वेळी काठी नव्हती नि चाकही नव्हतं. होती ती सुताची दोरी, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबडी केलेली. टोकाला शिशाचा गोळा, आणि गोळ्याच्या वीतभर वर आखूड दोरीला बांधलेली गरी, म्हणजे मासा अडकवायचा गळ. दोरी परडीत गोल गोल मांडून ठेवायची, शिसं डोक्यावर गोफणीसारखं फिरवायचं आणि नेमक्या वेळी सोडायचं. दोरी परडीतून सरसरत जायची. ह्याला आम्ही गरवणं म्हणतो. काठावरून गरवणाऱ्याचा सगळा जीव दोन गोष्टींत असतो. शिसं किती लांब पडलं ही एक, आणि ते पडलं तेव्हा गरीला आमिष शिल्लक होतं की नाही ही दुसरी.

ह्या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. जोर लावून फेकलं तर आमिष वाटेतच फाटून उडतं. आमिष जपत फेकलं तर शिसं पायाशी पडतं. कोलंबी असो, माकूल असो, शिंपल्यातलं मांस असो, सगळ्यांची हीच कथा. आणि तारलीच्या छोट्या माशाचं तर विचारूच नका. तारली हातात धरली तरी बोट आत जातं, इतकी मऊ. पण मोठ्या माशाला तीच आवडते, वासाने लांबून येतो. त्याच्या आवडीपुढे आपण काय करणार.

रत्नागिरीच्या किल्ल्याच्या डोंगराखाली, मिरकरवाड्याच्या होड्या जिथून बाहेर पडतात त्या अंगाला, काळ्या कातळाचं एक खडप समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या शेवटाला आम्ही नुसतं टोक म्हणायचो. तिथे एका वेळी एकाच माणसाला दोरी फिरवता येईल एवढीच जागा. समोर पाण्यात एक बुडता खडक, ओहोटीला त्याची पाठ तेवढी वर येते म्हणून त्याला कासव म्हणायचे. कासवाच्या अलीकडे नुसता फेस, शेवाळ आणि खेकडे. तिथे गरी पडली की अडकली म्हणून समजा. कासवाच्या पलीकडे मात्र खोल खाच. रावस त्या वाटेने जातो, तांब त्या खाचेत बसून असते. म्हणून टोकाला किंमत. मागे उभं राहून कुणी कितीही ताकद लावली तरी त्या खाचेत पोचत नाही.

टोक कुणाचं ते दर वर्षी ठरायचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ओहोटीला वाडीतले सगळे गरवणारे खडपावर जमत. एकाच टोपलीतली तारली सगळ्यांना. प्रत्येकाला फेक एकच. शिसं कासवापलीकडे पडलं पाहिजे, आणि लगेच ओढून घेतल्यावर तारली गरीला दिसली पाहिजे. दोन्ही ज्यांचं जमलं त्यांच्यात ज्याची फेक लांब, त्याचं टोक पुढच्या पावसाळ्यापर्यंत. रिकामी गरी मोजायची नाही, मग ती एडनला जाऊन का पडेना. दोन्ही कुणालाच जमलं नाही, तर मात्र नुसती लांबी बघायची. ह्या रिवाजाला कागद नव्हता नि पंच नव्हते. वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस वरच्या कातळावर बसायचा आणि तो म्हणेल ते खरं.

मला कळतं तेव्हापासून टोक आमच्या बाबांचं होतं.

बाबा अंगाने काटक. दंड बघाल तर माझ्या मनगटाएवढा. पण त्यांचं शिसं हातातून सुटलं की वाटायचं, ते पडायचं कुठे हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं आहे. आणि आमिष बांधणं तर त्यांनीच करावं. तारलीचं डोकं काढायचं, गरी पाठीच्या काट्याला घासत शेपटीपर्यंत न्यायची, मग केळीच्या सोपाचा धागा ओला करून तिला असा गुंडाळायचा की धागा दिसू नये आणि तारली सुटू नये. इतकं करूनही फेकताना जीव मुठीत. त्यांच्यासारखं बांधणारा मी पुढे पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पाहिले.

आमचं घर दुसऱ्याच्या जमिनीत, माड दुसऱ्याचे, होडी तर कधी नव्हतीच. बाबांच्या नावाने ह्या जगात एवढंच एक होतं, ते टोक. रस्त्याने जाताना लोक त्यांना नावाने नाही, टोकावरचे म्हणून ओळखायचे. बंदरात बोट लागली आणि मुंबईहून आलेला कुणी बोटीवरची माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या खपाट्यातून उतरला, की पहिलं विचारायचा, टोकावर अजून तेच आहेत ना.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला बाबा शेवाळावरून घसरले. उजवा खांदा उतरला. हाडं बसवणाऱ्याने तो बसवला, पण हात कानाच्या वर जाईना. डोईला मुंडासं बांधायचं तर डाव्या हाताने. शिसं डोक्यावर फिरवायची गोष्टच सोडा. वाडीतल्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता त्यांनी ठरवूनही टाकलं, की ह्या साली मुलगा फेकील, टोक घरातच राहील. हे बोलणं बाबांच्या कानावर आलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास त्यांनी तसाच खाली ठेवला.

"टोक काय माडाची बाग हाय, वारशाने जायला?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, की तूही फेक, मीही फेकणार. हात आखडून फेकलंस तर मला कळेल. मला कळलं तर मी परत दोरीला हात लावायचा नाही. आणि मी हरलो तरी लावायचा नाही. दुसऱ्याच्या मागे बसून गरवणं मला ह्या वयात शिकायचं नाही.

म्हणजे कसं बघा. मी मुद्दाम हरलो तर त्यांचं गरवणं संपणार, आणि जिंकलो तरी संपणार. त्यांना टोक मिळायचं तर त्यांनीच ते घ्यायला हवं होतं. मी त्यांचाच मुलगा, मीही मागे हटणारा नव्हतो. वाडीत माझ्याएवढा दंड कुणाचा नव्हता आणि मला ते माहीत होतं. मी ओल्या वाळूत साचा पाडून नवं जड शिसं ओतून घेतलं. जड शिसं लांब जातं असा माझा पक्का समज.

आता आमच्या हिच्याबद्दल सांगतो. लग्न होऊन पहिलाच पावसाळा. माहेर मंडणगडाकडचं, डोंगरातलं. लग्नाआधी तिने समुद्र बघितला नव्हता. पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली तेव्हा लाटांचा आवाज ऐकून तिने विचारलं होतं, की इथे रात्रंदिवस भात कोण कांडतं. वाडीतल्या बायका हे सांगून सांगून हसायच्या. तिला बांगडा नि पेडवा ओळखता येत नव्हता. पण तिच्या माहेरी लग्नकार्याच्या पत्रावळी आणि द्रोण लावायचं काम चाले, आणि पान हातात आलं की तिची बोटं अशी चालायची की बघत राहावं.

त्या काळी सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. घरात सासू असली तर तिच्या मार्फत बोलायचं. माझी आई तर आधीच गेलेली. तेव्हा ही मांजरीला सांगायची. घरात एक करडी मांजर होती. "मांजरे, पेज झाली गो," असं ही चुलीपुढून म्हणायची आणि बाबा उठून पाटावर येऊन बसायचे. बाबांना मीठ हवं असलं तर तेही मांजरीकडेच मागायचे. मांजर दोघांकडे आळीपाळीने बघायची. बाहेरच्याला हसू येईल, पण आमचं घर असंच चालायचं, आणि बरं चालायचं.

श्रावणात एकदा पाऊस उघडला तेव्हा बाबा घरापुढच्या खळ्यात उभे राहून हात चालवून बघत होते. डोक्यावरून जमत नव्हतं, म्हणून शिसं खालून, गुडघ्याच्या बाजूने पाळण्यासारखं झुलवून सोडत होते. गरीला तारलीऐवजी ओली चिंधी बांधली होती. शिसं निघायचं बरं, पण मागे ती चिंधी वाऱ्यात फडफडायची आणि शिशाला मागे खेचायची. खळ्याच्या कडेच्या फणसापर्यंतसुद्धा जाईना. बाबांनी चिंधी आवळून बांधली, लहान केली, धागा वाढवला. काही फरक नाही. मी पडवीत बसून बघत होतो. मला वाईट वाटत होतं आणि आपण जिंकणार हेही कळत होतं, दोन्ही एकदम.

ही खळ्याच्या कडेला शेण काढत होती. ती थांबली. मांजर भिंतीवर पसरली होती, तिच्याकडे बघून म्हणाली,

"मांजरे, भात उघड्या पानावर वाढून घेऊन कोण धावतं काय गो? सांडायचाच तो. द्रोणात घालावा."

बाबांनी शिसं गोळा करून आणलं, चिंधी सोडली, पुन्हा बांधायला घेतली. बऱ्याच वेळाने मांजरीला म्हणाले,

"विचार गो तिला, दर्यात द्रोण कसा न्यायचा ता."

हीच सगळी सुरुवात. आम्ही पिढ्यान् पिढ्या फणसाच्या झाडाखाली राहिलेली माणसं. सकाळची पेज फणसाचं पान दुमडून त्यानेच ओरपायची. रोज हातात असलेलं पान, पण ते गरीला लावावं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते डोंगरातून आलेल्या मुलीने सांगितलं.

तिने संध्याकाळपर्यंत एक टोपी तयार केली. फणसाचं मोठं पान निखाऱ्यावर धरून मऊ केलं, त्याचा शंकू वळला, टोकात शिसं, त्याच्या मागे गरी लावलेली तारली, आणि वरचं तोंड दुमडून माडाच्या हिराच्या काडीने टाचलं. एवढासा हिरवा पुडा. दोरी तेवढी मागून बाहेर.

दुसऱ्या दिवशी बाबा तो पुडा घेऊन पांढरा समुद्र म्हणतात त्या वाळूच्या किनाऱ्यावर गेले. टोकावर नेला असता तर सगळ्या वाडीला कळलं असतं. मी मागून गेलो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. हीसुद्धा शिंपले वेचायची टोपली घेऊन थोडं अंतर राखून आली. बाबांनी खालून दोनदा झुलवलं आणि सोडलं. काय गेला म्हणता तो पुडा. फडफड नाही, डुलणं नाही, घारीने पंख मिटून खाली यावं तसा सरळ गेला आणि लाटेपलीकडे पडला. खांदा उतरलेल्या माणसाची ती फेक.

मग आम्ही वाट बघत राहिलो. काहीच होईना. शेवटी बाबांनी दोरी ओढून घेतली. पुडा जसा गेला तसाच परत आला. काडी जागच्या जागी, पान बंद, आणि आत तारली अगदी सुखरूप. माशाला ती दिसायची सोयच नव्हती.

मी हसलो. म्हटलं, तारलीची पाठवणी झोकात केलीत, भटजी तेवढा बोलवायचा राहिला. बाबा हसले नाहीत. ही टोपलीत बघत राहिली, मान वर केली नाही, पण बोलली मोठ्याने.

"आमच्याकडे आमटी गळू नये म्हणून शिवतात. इथं गळायला हवं. मी लग्नाचा द्रोण लावला."

त्या घटकेला मला तिच्याबद्दल जे वाटलं ते मी तिला कधी सांगितलं नाही. आपलं चुकलं कुठे हे तिला चुकल्याबरोबर दिसलं. मला माझं चुकलेलं दिसायला वर्षं लागतात.

पुढचे दिवस दोघं पानामागे लागली. कोवळं पान घेतलं तर ते वाटेतच फाटायचं. जून घेतलं तर दुमडताना मधोमध तडकायचं. हिने झाडाच्या सावलीच्या बाजूचं, गर्द हिरवं, पण अजून लवचीक असलेलं पान शोधून काढलं, आणि निखाऱ्यावर धरायचं सोडून दिलं. ताजं पान दुमडलं की हात सोडल्याबरोबर पटकन उघडतं, हे तिला घरचं काम म्हणून माहीत होतं. माहेरी हीच खोड मोडायला ते शेकत असत. इथे तीच खोड कामाची होती. आता प्रश्न राहिला तो एवढाच, की पान वाऱ्यात बंद राहिलं पाहिजे आणि पाण्यात उघडलं पाहिजे.

तो बाबांनी सोडवला. पानाला काडी नाही, धागा नाही, काही नाही. गरीची जी दोरी मागे जाते तिचाच एक वेढा पानाभोवती घ्यायचा, गाठ न मारता, आणि वेढ्याचा शेवट मुख्य दोरीखाली सरकवून ठेवायचा. शिसं झुललं आणि सुटलं की ते दोरीला ओढतं. दोरी ताणलेली आहे तोवर वेढा घट्ट. शिसं तळाला टेकलं की दोरी सैल पडते, वेढा ढिला होतो, आणि पान आपल्याच ताठपणाने तो झुगारून उघडतं. मग पान सुटून वर तरंगतं आणि तारली खाली मोकळी राहते, एक खवलासुद्धा न हललेली. हे लिहायला चार ओळी लागल्या. करताना बाबांची नखं दोरीने कापली होती.

मला सगळ्यांत आवडलं ते दुसरंच. एकदा मी बाजारातून आलो तर खळ्यात दोघांचा वाद चाललेला. वेढा पानाच्या देठाकडून घ्यायचा की टोकाकडून, ह्यावर. ही म्हणत होती देठाकडून, देठ ताठ असतो. बाबा म्हणत होते, "अगो पण तिकडून वारा शिरतो त्याचं काय?" आणि ही म्हणाली, "वारा शिरतो तर दुमड आत घ्या, बाहेर कशाला घेतलीत?" मांजर भिंतीवर झोपली होती आणि तिची कुणाला आठवण नव्हती. मला बघितल्यावर हिने पदर पुढे ओढला आणि आत पळाली. दुमड मात्र त्या दिवसापासून आत घेतली गेली.

तुम्ही विचाराल, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होत असताना मी काय करत होतो. मी माझं जड शिसं घेऊन रोज टोकाशेजारी जाऊन फेकत होतो. पान मी घेतलं नाही. मला कुणी दिलंही नाही. मागितलं असतं तर दिलं असतं, पण मी मागणारा माणूस नव्हतो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. समुद्र अजून पावसाळ्यातलाच, गढूळ आणि दांडगा. ऊन तिरपं पडलं होतं. खाली खडपावर आम्ही गरवणारे, वर कातळावर बाया आणि म्हातारी माणसं. तारल्यांची टोपली मिरकरवाड्याहून ताजी आली होती. पहिले काही जण गेले. कुणाचं शिसं फेसातच पडलं, कुणाचं कासवाच्या पाठीवर आपटलं. शेजारच्या घरचा एक जण, बाबांचा जुना सोबती, त्याचं पलीकडे गेलं, पण गरीला नुसतं शेपूट राहिलं. समोरच्या वाऱ्यात असंच व्हायचं.

मग मी. तारली बाबांनी शिकवली तशी बांधली, केळीचा धागा दुप्पट घेतला. शिसं डोक्यावर फिरवलं तेव्हा पायाखालचं खडप हललं असं वाटलं. सोडलं आणि मलाच कळलं, आजवर इतकी चांगली फेक माझ्या हातून झाली नव्हती. कासव मागे पडलं, खाच मागे पडली, शिसं गेलं ते गेलंच. वर माणसं ओरडली. पण शिसं वर चढत असतानाच त्याच्या मागून काहीतरी चकाकतं सुटलं होतं. डोक्यावर एक घार फिरत होती. तिने वळणसुद्धा न घेता माझी तारली वरच्या वर झेलली आणि किल्ल्याकडे निघून गेली.

दोरी ओढली. गरी धुतल्यासारखी स्वच्छ.

"पोराने घारीला जेवू घातलंन," बाबांचा तो सोबती म्हणाला. सगळे हसले. वर बायासुद्धा हसल्या. मी दोरी गोळा करत राहिलो.

शेवटी बाबा. त्यांनी कमरेच्या ओल्या फडक्यातून पान काढलं तेव्हा कुजबूज झाली. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. शिसं, तारली, दुमड आत, दोरीचा एक वेढा. त्यांची बोटं चालली तसं हसणारे गप्प झाले. मग टोकावर पाय रोवून त्यांनी शिसं खालून झुलवलं, एकदा, दोनदा, आणि सोडलं.

माझ्या फेकीपुढे ती फेक लहान होती. पण वारा तिला अडवू शकला नाही. तो हिरवा पुडा खालून खालून, लाटांना हात लावत गेल्यासारखा गेला आणि कासवाच्या अंगावर फुटणाऱ्या लाटेत दिसेनासा झाला. पलीकडे की अलीकडे, कुणाला सांगता येईना. कुणी म्हणालं पाठीवर आपटलं. कुणी म्हणालं पलीकडे. बाबांनी दोरी ओढली नाही. उलट थोडी सैल सोडली आणि थांबले. श्वास घ्यावा एवढंच.

कासवाच्या पलीकडे, खाचेच्या काळ्या पाण्यावर, पान वर आलं. उताणं, उघडं, हिरवंगार. उन्हात सगळ्यांना दिसलं. मग त्यांनी दोरी ओढून घेतली. तारली जशी टोपलीतून उचलली तशी गरीला होती.

आनंद झाला म्हणावं तर तसं कुणी ओरडलं नाही. बाबांचा सोबतीच पुढे झाला. म्हणाला, पानात गुंडाळून फेकायचं तर कुणीही फेकील, आजवर असं झालेलं नाही, ही फेक मोजता येत नाही. दोघातिघांनी मान हलवली. आणि त्यात खोटं काही नव्हतं, आजवर झालेलं नव्हतंच. वरून निकाल देणाऱ्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने मला हाक मारली. म्हणाला, पान मोजायचं नाही असं ठरलं तर कुणाचीच फेक उरत नाही, मग नुसती लांबी बघायची, आणि लांबी तुझी. टोक तुझं होईल. तूच सांग, पान मोजायचं की नाही.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. वाकून दोरी परडीत मांडत होते, एकावर एक वेढा, दररोज मांडत तशी. डाव्या हाताने. वर ही बायांच्या मागे उभी होती, पदराचं टोक दातात. मी बाबांना टोक द्या म्हटलं असतं तर ती भीक झाली असती आणि बाबांनी तिथल्या तिथे परडी समुद्रात फेकली असती. ते मला माहीत होतं. मला टोक हवं होतं हेही खरं. पण मी डोळ्यांनी बघितलं होतं ते माझ्याच्याने नाही म्हणवेना.

"माझी गरी रिकामी आली," मी म्हटलं. "रिकामी गरी आपण मोजत नाय. त्यांच्या गरीला तारली हाय आणि पान दर्यात हाय. गरीला पान असेल तर दाखवा, मग बोलू."

बाबांच्या सोबत्याने खरंच वाकून गरी बघितली. पान कुठे असणार तिथे. ते कधीच वाहत मिऱ्या गावाच्या बाजूला निघालं होतं. म्हातारा हसला, बोळक्या तोंडाने पोटभर हसला, आणि हात वर करून म्हणाला, टोक त्यांचंच. तो सोबतीही मग हसला. जरा वेळाने हळूच हिच्याजवळ जाऊन विचारू लागला, पान कुठल्या झाडाचं गो, ओल्या फडक्यात किती वेळ टिकतं. पुढच्या वर्षी टोकावर पानाशिवाय कुणी आलं नाही, आणि मग हात कुणाचा चांगला हे पुन्हा दिसू लागलं. टोक त्याही वर्षी बाबांचंच राहिलं, त्याच्या पुढच्याही.

खडपावरून उतरताना बाबा माझ्या बरोबरीने चालत होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. बरंच खाली आल्यावर बोलले.

"शिसं जड घेतलंस. जड शिसं तारली फाडतं."

एवढंच. मी हूं म्हटलं. असा माणूस मी दुसरा बघितला नाही. खांदा गेला तरी रडगाणं नाही, जिंकला तरी मिरवणं नाही, आणि सुनेचं ऐकायला लाज नाही. बहुतेकांना यांतलं एकही जमत नाही. मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला मी माझी परडी घेऊन खडपावर गेलो. बाबा टोकावर उभे होते. मी त्यांच्या मागच्या जागेवर बसलो. त्यांचं शिसं झुलत मागे यायचं तेव्हा मला गुडघा आत घ्यावा लागायचा, तो घेतला. त्यांची पहिली फेक झाली, दोरी स्थिर झाली. मग मी पुढे सरकलो आणि वेढा कुठून सुरू करायचा ते त्यांना विचारलं.